मालवणात पहिल्यांदा स्कूबा: होडीतून थेट पाण्यात, की आधी तलावात?

मला पोहता येतं. पाठीला पत्र्याचा डबा बांधून काकांनी पंचगंगेत ढकलून दिलेल्या पिढीतला मी. तरीही मालवणात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूच्या खडकांवर, जेमतेम पंधरा फूट पाण्यात मी दीड मिनिटात घाबरून वर आलो. माझ्यामागून भाची उतरली. तिला पोहण्यातला ‘प’ ठाऊक नाही. ती खाली खडकाला धरून निवांत होती, व्हिडिओत माशांकडे बोट दाखवतेय, आणि वर आल्यावर तिचा पहिला प्रश्न: ‘‘मामा, तू एवढ्यात कसा काय आलास?’’

पुढच्या वर्षी मी पुन्हा गेलो, वेगळ्या पद्धतीने, आणि अर्धा तास पाण्याखाली राहिलो. मधल्या काळात धाकट्या भावाने रीतसर कोर्स केला. बायको मात्र आजही स्नॉर्केलिंगच्या पुढे जायला तयार नाही. म्हणजे कोकणात पहिलटकराला जे चार रस्ते आहेत, ते सगळे आमच्या एकाच घरात वापरून झालेत. कुणी ‘स्कूबा करायचंय, पण भीती वाटते’ म्हणालं की मी आधी विचारतो, नक्की कशाची? तोंडात नळी धरून श्वास घ्यायची, नाकाडोळ्यांत पाणी जायची, की पायाखाली तळ नसण्याची? या तीन भीती वेगवेगळ्या आहेत आणि प्रत्येकीला रस्ताही वेगळा लागतो. पोहता येण्या-न येण्याशी यांचा संबंध लोकांना वाटतो त्यापेक्षा फार कमी. उलट पोहणाऱ्याला सवय असते श्वास रोखून डोकं बुडवायची, आणि स्कूबात नेमकं तेच करायचं नसतं.

स्नॉर्केलिंग: सोपं म्हणतात, पण

‘आधी स्नॉर्केलिंग करून बघा, मग स्कूबाचं ठरवा’ हा सल्ला सगळे देतात. लाइफ जॅकेट घालून पालथं तरंगायचं, मास्कच्या काचेतून खाली बघायचं, तोंडातल्या वाकड्या नळीतून श्वास घ्यायचा. पाणी चांगलं असेल तर किल्ल्याच्या बाजूचे खडक, पोवळी, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे वरूनही दिसतात. खर्च कमी, पोरंटोरं आणि आजी-आजोबाही करू शकतात.

पण घाबरणाऱ्याला ते स्कूबापेक्षा सोपं असतंच असं नाही. लाट असते ती पृष्ठभागावर. नळीचं टोक पाण्याच्या जेमतेम वितभर वर. एक लाट आली की खारं पाणी थेट घशात. माणूस खोकतो, डोकं वर काढतो, मास्क सरकतो, त्यात पाणी जातं, आणि ‘मला नाही जमणार’ यावर शिक्कामोर्तब होतं. दहा-पंधरा फूट खाली तेच पाणी पुष्कळ शांत असतं आणि रेग्युलेटरमधून, म्हणजे टाकीची हवा तोंडात देणाऱ्या तोटीतून, हवा मिळतच राहते. दुपारच्या लाटांत स्नॉर्केलिंग करून ‘स्कूबा आपल्याला झेपणार नाही’ असं ठरवून परतलेले दोघेतिघे माझ्याच ओळखीत आहेत. त्यांचा निकाल चुकीच्या परीक्षेवर लागला.

ज्याची भीती तळ नसण्याची आहे, त्याला मात्र हे उत्तम. जॅकेट बुडू देत नाही, डोकं केव्हाही वर काढता येतं. बायकोची भीती ही आहे. ती होडीच्या दोराला धरून अर्धा तास बघत बसते आणि तिला तेवढं पुरतं. माझी त्यावर काही तक्रार नाही.

होडीवरचं स्कूबा: सोय त्यांची, धावपळ आपली

मालवणात नव्वद टक्के पर्यटक ‘स्कूबा केला’ म्हणतात तो हा प्रकार, असा माझा अंदाज. दांडी, चिवला किंवा तारकर्लीच्या किनाऱ्यावरून होडी निघते. होडीवरच ओला सूट आणि मास्क चढवतात, पाच-दहा मिनिटं समजावतात, पाठीवर टाकी, कमरेला शिशाची वजनं, आणि शिडीवरून पाण्यात. एका माणसामागे एक डायव्हर. तो मागून टाकी धरतो. खाली-वर नेणं, टाकीसोबतच्या फुगवायच्या जॅकेटमध्ये हवा भरणं-सोडणं, सगळं त्याच्या हातात. आपण श्वास घ्यायचा आणि कॅमेऱ्याकडे बघायचं. पाण्याखालचा वेळ दहा-पंधरा मिनिटांच्या आसपास.

याला नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. मी त्यांतला नाही. श्वासाची भीती नसलेल्या, कान सहज मोकळे होणाऱ्या माणसाला यातून एका सकाळीत पोवळ्याचं जग बघून होतं. भाचीला झालंच की. शिवाय हे डायव्हर बहुतेक तिथलेच, दर्यावर वाढलेले. पाण्याची नजर त्यांची पक्की.

अडचण आहे ती घाईची. माझ्या वेळी मे महिन्यातला शनिवार होता, होडीत चौदा माणसं आणि मागे दुसरी होडी ताटकळलेली. आमचं शिक्षण डोलत्या होडीत, इंजिनाच्या आवाजात उरकलं. मला मळमळत होतं, मिशीमुळे मास्क नीट बसत नव्हता, आणि कान कसे मोकळे करायचे हे ऐकताना मी भाचीच्या पट्ट्याचा चाप शोधत होतो. खाली गेल्यावर कानात कळ आली, मास्कमध्ये पाणी आलं, आणि नाकातून श्वास घ्यायचा नाही हेच डोक्यातून गेलं. डायव्हरने लगेच वर आणलं, त्याचा दोष नाही. पण पुन्हा प्रयत्न करायचा म्हटलं तर वेळ नव्हता. एकदा वर आलात की तुमची पाळी संपली.

‘पंधरा फूट म्हणजे काय खोल’ हे वाक्य कुणी ऐकवलं तर मनावर घेऊ नका. किनाऱ्यावर आपल्यावर एक वातावरणाचा दाब असतो. दहा मीटर खाली तो दुप्पट होतो, वीस मीटरला तिप्पट. म्हणजे पहिल्या दहा मीटरात दाब शंभर टक्के वाढतो, पुढच्या दहात पन्नासच टक्के. कानाच्या पडद्याला सगळ्यात मोठा हिसका बसतो तो पहिल्या दोन-तीन मीटरांत. उथळ डाइव्ह कानांना सोपी नसते, अवघड टप्पा नेमका तिथेच असतो. नाक चिमटीत धरून हलकेच नाकातून हवा सोडायचा प्रयत्न करायचा, कानात ‘टक’ होतं. हे दर हात-दोन हातांवर करायचं, दुखायच्या आधी. दुखायला लागल्यावर जोर लावला तर पडद्याला इजा होऊ शकते. तेव्हा थोडं वर यायचं, पुन्हा करायचं. आणि त्याला वेळ लागतो, जो गर्दीच्या होडीत नसतो.

आधी तलाव, मग समुद्र

दुसऱ्या खेपेला मी तारकर्ली गाठली. मालवणपासून सहा-सात किलोमीटर. तिथे एमटीडीसीच्या स्कूबा प्रशिक्षण संस्थेत खास डायव्हिंगसाठी बांधलेला तलाव आहे, सुमारे आठ मीटर खोल. इतरही काही ठिकाणी लहान तलावात सराव करून मग समुद्रात नेतात. फोन करताना ‘तलावात किती वेळ देता?’ एवढाच प्रश्न विचारला तरी समोरच्याची पद्धत कळते. ‘गरज नाही हो, होडीवर सांगतो सगळं’ असं उत्तर आलं तर तुम्ही वरच्याच प्रकारात आहात, दर काहीही असो.

तलावात काय झालं ते जरा सविस्तर सांगतो, कारण माझी भीती गेली ती तिथे. सुरुवातीला छातीएवढ्या पाण्यात उभं करून, फक्त तोंड बुडवून श्वास घ्यायला लावलं. पहिले दहा श्वास भयंकर. शरीर ओरडून सांगत असतं की पाण्याखाली श्वास घेतात का कुठे. मग स्वतःच्याच श्वासाचा खरखर आवाज ऐकू यायला लागतो, बुडबुडे कानाजवळून जातात, आणि विसाव्या-पंचविसाव्या श्वासाला खांदे खाली येतात. मध्येच मी उभा राहिलो, चूळ भरली, पुन्हा वाकलो. शिकवणारा मालवणचाच. मी ‘सॉरी, वेळ घेतोय’ म्हटल्यावर तो म्हणाला, ‘‘घाय कित्याक? दर्यो खंय पळान जातलो?’’

नंतर मास्कमध्ये मुद्दाम पाणी घ्यायला लावलं. मास्कची वरची कड कपाळाशी दाबायची, मान किंचित वर, नाकातून फुंकर घालायची, पाणी खालून निघून जातं. चार वेळा केलं. माझ्या घाबरण्याचं मूळ हेच होतं, मास्कमध्ये पाणी आलं की आता संपलं. संपत काहीच नाही, डोळ्यांना थोडं झोंबतं. तसंच रेग्युलेटर तोंडातून काढायचा, बारीक बुडबुडे सोडत राहायचं, परत तोंडात घालून एक जोराचा उच्छ्वास टाकायचा, की आतलं पाणी बाहेर.

सगळ्यात महत्त्वाचा नियम तिथे इतक्यांदा घोकून घेतला की आता झोपेतही सांगेन: श्वास कधीच रोखायचा नाही. दाबाखाली फुप्फुसात भरलेली हवा वर येताना फुगते. पाच मीटरवर छातीभरून घेतलेला आणि रोखून धरलेला श्वास पृष्ठभागावर दीडपट जागा मागतो, आणि फुप्फुसं रबरी फुगा नाहीत. म्हणून घाबरून श्वास कोंडून वर झेपावणं हीच उथळ पाण्यातली सगळ्यात धोक्याची गोष्ट. आठवून बघा, घाबरल्यावर पोहणारा माणूस नेमकं हेच करतो. मीही त्या दिवशी हेच करत होतो, डायव्हरने छातीवर थोपटून बुडबुडे सोडायला लावले म्हणून निभावलं.

हातांच्या खुणाही तलावातच पक्क्या झाल्या. अंगठा वर केला की ‘भारी’ नाही, ‘वर चला’. माझ्या पुढच्या गटातल्या एका काकांनी तळाशी पोचल्या पोचल्या आनंदाने अंगठा दाखवला आणि डायव्हर त्यांना मुकाट वर घेऊन आला. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ. काही गडबड असेल तर आडवा पंजा डोलवायचा आणि मग जिथे त्रास आहे तिकडे, म्हणजे कानाकडे किंवा मास्ककडे, बोट दाखवायचं.

दुसऱ्या दिवशी समुद्र. रीतसर ओळखीच्या डाइव्हमध्ये, ज्याला डिस्कव्हर स्कूबा म्हणतात, कमाल मर्यादा बारा मीटर. आम्ही सातच्या आत राहिलो. पहिली दोन मिनिटं दोराला धरून, कान मोकळे करत, हातभर हातभर खाली. नंतर खडकाच्या कपारीत एक गोब्रा मासा दिसला, ताटात बघितला होता त्याच्या दुप्पट. पाण्याखाली सगळंच साधारण तिसऱ्या हिश्शाने मोठं दिसतं, त्यामुळे गोब्रा तेवढा नसावा. पण मी घरी तेवढाच सांगतो.

तोटे? वेळ जास्त, पैसे जास्त, आणि तलावाचा दिवस ‘वाया’ गेल्यासारखा वाटतो, विशेषतः सोबतच्या पोरांना. एकच सकाळ हाताशी असेल तर हे बसत नाही.

कोर्स: भीतीवरचं औषध, पण कडू

ओपन वॉटर कोर्स तीन-चार दिवसांचा. आधी थिअरी, मग बंदिस्त पाण्यात सराव, मग समुद्रात किमान चार डाइव्ह. पास झालात की जोडीदारासोबत अठरा मीटरपर्यंत जायची परवानगी देणारं कार्ड मिळतं, जे अंदमानात आणि परदेशातही चालतं. वय किमान दहा. दोनशे मीटर पोहणं आणि दहा मिनिटं तरंगणं आवश्यक, म्हणजे भाची आज यात बसत नाही. खर्च होडीवरच्या स्कूबाच्या कित्येक पट.

भाऊ थेट याच्यातच शिरला. त्याचं म्हणणं, दुसऱ्याच्या हातात आपला जीव आहे याचीच त्याला भीती वाटते; जॅकेटमध्ये हवा भरायची-सोडायची बटणं स्वतःच्या हातात आली की तो शांत. असा स्वभाव असेल तर कोर्सच बरा. पण त्यात मास्क पूर्ण काढून पाण्याखाली श्वास घेत राहावं लागतं, जोडीदाराच्या टाकीवर श्वास घेत वर यावं लागतं. ज्याला आवडणार की नाही हेच ठाऊक नाही, त्याने तीन दिवस आणि तेवढे पैसे आधीच गुंतवू नयेत. दडपण वाढतं, आणि दडपणाखाली हवा दुप्पट संपते.

आणखी एक. मालवणचं पाणी अंदमानसारखं काचेचं नाही. खाड्या गाळ आणतात, कितीतरी दिवशी पाच मीटरच्या पुढचं धूसर असतं. भाऊ म्हणतो की अशा पाण्यात शिकलेला कुठेही डाइव्ह करू शकतो. मला वाटतं नवख्या भित्र्या माणसाला धूसर पाणीही घाबरवतं, हे आधी माहीत असलेलं बरं.

मग कुणी काय करावं

श्वासाची किंवा नाकातोंडात पाणी जाण्याची भीती असेल तर तलाव. त्यासाठी सहलीचा एक दिवस वाढवावा लागला तरी वाढवा. तळ नसण्याचीच भीती असेल तर सकाळच्या शांत पाण्यात स्नॉर्केलिंग, आणि वाटलं तर पुढे. भीती फारशी नाही, नुसती धाकधूक आहे, तर आडवारी गर्दी नसताना होडीवरचं स्कूबा खुशाल करा. कोर्स दुसऱ्या सहलीला.

कुठल्याच प्रकारात बसू नये अशी माणसंही असतात. दमा, हृदयविकार, फिट्स, कानाची शस्त्रक्रिया, गरोदरपण, यांतलं काही असेल तर आधी डॉक्टर. साधी सर्दी असली तरी कान मोकळे होत नाहीत, त्या दिवशी जाऊ नका. डाइव्हआधी तब्येतीचा फॉर्म भरून घेतात. फॉर्मवर सगळीकडे डोळे मिटून ‘नाही’ लिहायची आपल्याला सवय आहे. हा फॉर्म तसा भरू नका. आदल्या रात्री दारू नको. होडी लागत असेल तर गोळी निघायच्या तासभर आधी घ्या, मळमळायला लागल्यावर ती घेऊन उपयोग नाही.

दिवस निवडताना कालनिर्णय उघडा

चार पर्यायांची तुलना करताना लोक दर बघतात, दिवस बघत नाहीत. माझ्या मते पहिलटकराचा अनुभव दरापेक्षा दिवसावर जास्त ठरतो.

पावसाळ्यात सगळं बंद. ऑक्टोबरपासून सुरू होतं. डिसेंबर-जानेवारीत पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ, पण नाताळ ते एक जानेवारी मालवणात पाय ठेवायला जागा नसते. तो आठवडा घाबरणाऱ्याने सोडून द्यावा. जानेवारीतला मंगळवार-बुधवार सोन्यासारखा. वेळ सकाळची. पहाटे जमिनीवरून मतलई वारा असतो, समुद्र सपाट. दुपारी खारा वारा जोर धरतो आणि लाटा उठतात.

तिथीही बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाण्याची ये-जा मोठी, गाळ ढवळतो. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी कमी हलतं, दिसतंही बरं. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशेब सोपा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. होडीवाल्याला ‘अष्टमीला येऊ का?’ विचारलंत तर तो तुमच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघेल, दर मात्र कमी करणार नाही.

खाली गेल्यावर पोवळ्यावर उभं राहू नका आणि आठवण म्हणून तुकडा आणू नका. किल्ल्याभोवतीचं पाणी १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्यात आहे आणि पोवळ्यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. फोटोत मासे जमावेत म्हणून पावाचे किंवा बिस्किटाचे तुकडे सोडायची पद्धत मला पटत नाही. तुम्ही ‘नको’ म्हटलंत तर थांबवतात.

परतीचा हिशेब आधीच करा. दाबाखाली अंगात मुरलेला वायू बाहेर पडायला वेळ लागतो, आणि त्याआधी उंचावर, कमी दाबाच्या हवेत गेलं तर त्रास होऊ शकतो. जवळच्या चिपी विमानतळावरून विमानाने जाणार असाल तर एका डाइव्हनंतर निदान बारा तास, लागोपाठ डाइव्ह केल्या असतील तर अठरा तास मध्ये जाऊ द्या. कुडाळहून रेल्वेने जाणाऱ्याला हा प्रश्नच नाही. घाटावरच्या आपल्यासारख्यांनी मात्र एक लक्षात ठेवावं: परतीच्या घाटातली आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंच आहे. होडीवरच्या दहा मिनिटांच्या उथळ डाइव्हनंतर याने फरक पडत नाही, पण कोर्सच्या शेवटच्या खोल डाइव्हनंतर भावाला त्याच संध्याकाळी घाट चढू नको असं सांगितलं गेलं. तो रात्रभर मालवणात थांबला, आणि जास्तीच्या मुक्कामाचं बिल आणि सुरमईचं ताट, दोन्ही त्याने मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं.